पायोग्लिटाझोनचे त्रेचाळीस दिवस

१८ जून २०१३ रोजी केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून काही औषधांचं उत्पादन आणि विक्री थांबवली. त्यांत अ‍ॅनाल्जिन हे जुनं वेदनाशामक होतं. नैराश्यावरचं फ्लुपेंथिक्सॉल आणि मेलिट्रासेन यांचं जोडऔषध होतं. या दोघांसाठी फारसं कुणी हळहळलं नाही. गोंधळ उडाला तो पायोग्लिटाझोनमुळे. मधुमेहावरचं हे औषध एकटं क्वचितच असायचं. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांच्यासोबत एकाच गोळीत मिसळून ते देशभरातल्या घराघरांत गेलं होतं. कित्येकांना आपण ते घेतो हेही ठाऊक नव्हतं, कारण गोळी ओळखायची ती ब्रँडच्या नावाने आणि स्ट्रिपच्या रंगाने.

अंबरनाथ पश्चिमेत ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेली मंडळी बरीच. साखर आणि बीपीच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला भरून नेणारी ही पिढी. अशा गावात औषधबंदी म्हणजे राजपत्रातला परिच्छेद नसतो. मेडिकलच्या काउंटरवर ती एका वाक्यात येते: "काका, ही आता बंद झाली, डॉक्टरांकडून दुसरी लिहून आणा." काकांचा साहजिक प्रश्न असतो की इतकी वर्षं खाल्ली त्याचं काय. त्याचं उत्तर काउंटरच्या अलीकडे नव्हतं आणि पलीकडेही नव्हतं. आणि मग ३१ जुलैला, त्रेचाळीस दिवसांनी, बंदी उठली. तीच गोळी परत आली.

हे असं का झालं, हे समजून घ्यायला दिल्लीतल्या फायलींपेक्षा जपानमधले उंदीर अधिक उपयोगी पडतात.

ओसाकाच्या टाकेदा कंपनीतले रसायनतज्ज्ञ १९७५ च्या सुमारास मधुमेहाच्या मागे नव्हतेच. त्यांना हवं होतं रक्तातली चरबी उतरवणारं औषध. क्लोफायब्रेट नावाचं त्या काळचं औषध डोळ्यांसमोर ठेवून ते त्याच्या सुधारित आवृत्त्या बनवत होते. अशा रेणूंची चाचणी जनुकांमुळेच लठ्ठ, पिवळसर केसांच्या आणि मधुमेही असणाऱ्या उंदरांवर घेताना काही रेणूंनी चरबीबरोबर साखरही उतरवली. त्या धाग्याने पुढे जात १९८२ मध्ये सिग्लिटाझोन जाहीर झालं. त्याचं वागणं तोवरच्या गोळ्यांपेक्षा वेगळं होतं. जुन्या बहुतेक गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावत. हे औषध तसं काहीच करत नव्हतं. शरीरात इन्सुलिनच नसेल तर ते निरुपयोगी ठरे, आणि साखर मुळात ठीक असेल तर ती खालीही जात नसे. असलेल्या इन्सुलिनचं शरीराने ऐकावं, एवढंच ते घडवून आणत होतं. कसं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

सिग्लिटाझोन दुबळं ठरलं आणि मागे पडलं, पण त्याच्या रेणूचं डोकं पुढच्या सगळ्या भावंडांत कायम राहिलं. पाच अणूंचं एक छोटं कडं: तीन कार्बन, एक नायट्रोजन, एक गंधक, आणि बाहेर डोकावणारे दोन ऑक्सिजन. नाव थायाझोलिडिनडायोन. नाव जड असलं तरी ते बनवणं सोपं आहे. थायोयुरिया आणि मोनोक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तापवलं की हे कडं जुळतं. मग त्याला एका अल्डिहाइडशी जोडायचं आणि मधला दुहेरी बंध हायड्रोजनने भरून काढायचा. रसायन कारखान्यात रिअ‍ॅक्टरसमोर शिफ्ट केलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. जगभर अब्जावधी रुपयांचा व्यवहार आणि तितकीच भांडणं ज्याच्यावर झाली, त्या औषधाचा कामाचा भाग एवढासाच आहे.

हे डोकं शरीरात नेमकं कुठे जाऊन बसतं, याचा शोध दुसरीकडेच आणि दुसऱ्याच कारणाने चालू होता. १९९० मध्ये इंग्लंडमध्ये इसेमान आणि ग्रीन यांनी उंदराच्या यकृतात एक नवा ग्राही शोधला. ग्राही म्हणजे रिसेप्टर, संप्रेरकाचा निरोप स्वीकारणारं प्रथिन. इन्सुलिनचा ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर असतो. हा मात्र केंद्रकात बसणारा, थेट डीएनएला हात घालणारा, स्टिरॉइड संप्रेरकांच्या ग्राहींच्या कुळातला होता. क्लोफायब्रेटसारखी औषधं त्याला जागं करत होती. त्याला पीपार-अल्फा म्हणतात. पाठोपाठ त्याचे भाऊबंद सापडले, आणि त्यांतल्या पीपार-गॅमाने १९९४ मध्ये सगळ्यांचं लक्ष वेधलं. बोस्टनमध्ये ब्रूस स्पीगलमन आणि पीटर टोंटोनोझ यांनी दाखवलं की हा ग्राही साध्या पेशीला चरबीची पेशी बनवू शकतो.

दुसऱ्याच वर्षी, १९९५ मध्ये, दोन्ही वाटा एकत्र आल्या. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्लॅक्सोच्या प्रयोगशाळेत युर्गेन लेमान, स्टीव्हन क्लीवर आणि सहकाऱ्यांनी सिग्लिटाझोनच्या रोसिग्लिटाझोन या पुढच्या भावंडावर किरणोत्सारी खूण लावली आणि ते पीपार-गॅमाला चिकटतं का हे मोजलं. ते चिकटलं, आणि घट्ट चिकटलं. लिटरमध्ये मोलच्या अब्जांश भागांत मोजावं इतकं, सुमारे चाळीस नॅनोमोलर, पातळ द्रावणही पुरेसं होतं. अल्फा आणि डेल्टा या भावंडांकडे मात्र ते ढुंकून पाहत नव्हतं. टाकेदाने सुरुवात केली होती अल्फावर चालणाऱ्या रेणूपासून आणि ती नकळत पोहोचली होती त्याच्या भावाकडे. औषध बनवून तेरा वर्षं झाल्यावर ते कोणाशी बोलतं हे कळलं. औषधांच्या इतिहासात हे नवीन नाही. अ‍ॅस्पिरिनच्या बाबतीत तर सत्तर वर्षं लागली.

चित्र मिळालं ते १९९८ च्या सप्टेंबरात. त्याच ग्लॅक्सो समूहातल्या नोल्टी, मिलबर्न आणि सहकाऱ्यांनी ग्राहीचा स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याची अणूंपर्यंतची रचना 'नेचर'मध्ये छापली. आत रोसिग्लिटाझोन बसलेलं होतं. ग्राहीचा औषध पकडणारा भाग म्हणजे मळसूत्रासारख्या पिळदार बारा-तेरा दांड्यांची जुडी. तिच्या पोटात एक पोकळी, सुमारे तेराशे घन अँग्स्ट्रॉमची. या कुळातल्या इतर ग्राहींच्या मानाने ती ऐसपैस निघाली, इतकी की औषधाने तिचा जेमतेम चाळीस टक्के भाग व्यापला. या मोकळ्या जागेमागे कारण असावं. पीपार-गॅमाचा नैसर्गिक पाहुणा कुणी एक संप्रेरक नाही. नाना प्रकारची मेदाम्लं तिथे येतात, सैलसर टेकतात आणि जातात. पेशीत चरबी किती येते आहे याचा अंदाज घेणारी ही जागा आहे.

औषध आत इंग्रजी यू अक्षरासारखं वाकून, तिसऱ्या दांडीला वळसा घालून बसतं. डोक्याकडचे दोन ऑक्सिजन ग्राहीतल्या ३२३ आणि ४४९ क्रमांकाच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लांशी हायड्रोजन बंध करतात. नायट्रोजन ४७३ व्या टायरोसिनला धरतो. हे टायरोसिन कुठे आहे ते महत्त्वाचं, कारण ते आहे शेवटच्या, बाराव्या दांडीवर. औषध नसताना ही दांडी सैल, हलती असते. औषधाच्या डोक्याने टायरोसिन पकडलं की ती दाराच्या कडीसारखी जागेवर बसते. ती बसली की बाहेरच्या बाजूला एक खोबण तयार होते. खोबणीच्या एका टोकाला ऋणभारित ग्लुटामिक आम्ल, दुसऱ्या टोकाला धनभारित लायसिन. त्या दोघांच्या चिमट्यात सहायक प्रथिनाचा एक छोटा पिळदार तुकडा नेमका मावतो. सहायक आला की डीएनएवरची जनुकं वाचायला सुरुवात होते. या सगळ्यात पीपार-गॅमा एकटा नसतो. आरएक्सआर नावाचा दुसरा ग्राही त्याच्या जोडीने डीएनएवर बसतो.

रिअ‍ॅक्टरमध्ये दोन सामान्य रसायनांपासून जुळवलेलं ते पाच अणूंचं कडं आणि ते एक टायरोसिन, एवढ्या भेटीवर बाकीचं सगळं उभं आहे. पायोग्लिटाझोनचं डोकं तेच, पण शेपूट वेगळं आणि पकड ढिली. म्हणून रोसिग्लिटाझोन चार ते आठ मिलिग्रॅममध्ये भागे आणि पायोग्लिटाझोनचे पंधरा ते पंचेचाळीस लागत. गोळीचा गुण लगेच येत नाही याचाही उलगडा इथे होतो. जनुक वाचायचं, प्रथिन बनवायचं, चरबीच्या नव्या पेशी तयार करायच्या, यात आठवडे जातात. डॉक्टर दोन-तीन महिने थांबायला सांगत, ते उगाच नाही.

चित्र अचूक होतं. मात्र तोवर बाजार चित्राच्या पुढे धावला होता. १९९७ च्या जानेवारीत या कुळातल्या ट्रोग्लिटाझोनला अमेरिकेत परवाना मिळाला. यकृत निकामी होण्याच्या घटना सुरू झाल्या. ब्रिटनने त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते मागे घेतलं. अमेरिकेत ते मार्च २००० पर्यंत विकलं जात राहिलं. १९९९ मध्ये मे महिन्यात रोसिग्लिटाझोनला आणि जुलैत पायोग्लिटाझोनला अमेरिकेचा परवाना मिळाला. त्यांनी यकृताला तसा त्रास दिला नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, जरा लवकरच.

भारतात ही दोन्ही औषधं लगेच आली, आणि स्वस्तात आली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर हक्क दिला होता. पद्धत बदला आणि तोच रेणू बनवा, असा सरळ मामला. १ जानेवारी २००५ पर्यंत तो चालला. मुंबईच्या भोवतीचा ठाणे, अंबरनाथ, बदलापूर, तारापूर हा रसायन आणि औषधांच्या कच्च्या मालाचा पट्टा ज्या धोरणांवर वाढला, त्यांत हा कायदा मोठा. परदेशात पेटंटच्या किमतीला विकला जाणारा रेणू इथे काही रुपयांत मिळू लागला, आणि मग मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडसोबतच्या तीन-इन-वन गोळ्यांची लाट आली. स्वस्ताईचा फायदा खरा होता. मात्र तीन औषधं एका गोळीत कोंबली की एकाचाच डोस कमी-जास्त करता येत नाही आणि त्रास झाला तर कुणामुळे ते कळत नाही. या सवयीची किंमत पुढे २०१३ मध्ये मोजावी लागली.

दुष्परिणामांची कारणं १९९८ च्या त्या चित्रात एका अर्थी लपलेली होती. पीपार-गॅमा फक्त चरबीच्या पेशीत नसतो. मूत्रपिंडाच्या नलिकांत तो आहे, तिथे तो जागा झाला की मीठ आणि पाणी शरीरात राहतं. पाय सुजतात, आधीच थकलेलं हृदय आणखी थकतं. हाडांच्या मगजात एकच मूळ पेशी हाड बनवणारी होऊ शकते किंवा चरबीची. औषध तिला चरबीकडे ढकलतं, आणि बायकांत हाडं मोडण्याचं प्रमाण वाढतं. कडी तीच आणि दारंही तशीच, फक्त प्रत्येक घरात आत वेगळं कुटुंब. स्फटिकाच्या चित्रात दार दिसतं. घरं किती आणि कोणती, ते दिसत नाही.

मे २००७ मध्ये अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ स्टीव्हन निसेन यांनी ४२ चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून दाखवलं की रोसिग्लिटाझोन घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता ४३ टक्क्यांनी जास्त दिसते. वाद पेटला. २०१० मध्ये युरोपने ते थांबवलं, अमेरिकेने त्यावर कडक बंधनं घातली आणि त्याच वर्षी भारतानेही बंदी घातली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेने बहुतेक बंधनं काढली, पण तोवर औषधाची बाजारातली जागा गेली होती.

पायोग्लिटाझोनवर हृदयविकाराच्या झटक्यांचा तसा ठपका नव्हता. त्याच्यामागे लागली मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका. नर उंदरांत तशा गाठी परवान्याआधीच दिसल्या होत्या. माणसांत काय होतं यासाठी उत्तर कॅलिफोर्नियात दहा वर्षांचा अभ्यास सुरू झाला. २०११ मधल्या त्याच्या अंतरिम आकड्यांत दोन वर्षांहून जास्त काळ औषध घेणाऱ्यांत धोका थोडा वाढलेला दिसला. फ्रान्सने आपल्या विमा नोंदी तपासून त्याच वर्षीच्या जूनमध्ये औषध थांबवलं. जर्मनीने नव्या रुग्णांना ते देऊ नये असं सांगितलं. अमेरिकेने इशारा छापून ते चालू ठेवलं.

भारताने दोन वर्षांनी फ्रान्सचा रस्ता धरला. मधुमेहतज्ज्ञांच्या संघटना उसळल्या आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता: मूत्राशयाचा कर्करोग मुळातच विरळा आहे, इथे बरेच डॉक्टर साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमच देतात, आणि गरीब रुग्णाला मेटफॉर्मिनखेरीज इतक्या कमी पैशांत इन्सुलिनला साथ देणारं दुसरं औषध नाही. औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने जुलैत बंदी उठवायची शिफारस केली. ३१ जुलैच्या अधिसूचनेने अटी घातल्या. मधुमेहावरचं पहिलं औषध म्हणून हे देऊ नये, मूत्राशयाचा कर्करोग असलेल्याला किंवा होऊन गेलेल्याला देऊ नये, लघवीतून रक्त जात असेल तर तपासल्याशिवाय देऊ नये, तीन ते सहा महिन्यांनी फायदा होतो का ते पाहावं, आणि हे सगळं माहितीपत्रकात ठळक छापावं.

या अटी शहाणपणाच्या आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. त्या १८ जूनलाही घालता आल्या असत्या. बंदी घालताना भारतीय रुग्णांची मोठी, दीर्घकाळ ठेवलेली नोंद हाताशी नव्हती, उठवतानाही नव्हती. दोन्ही निर्णय परदेशी आकडे आणि देशी आवाज यांच्यावर झाले. शिवाय माहितीपत्रक छापून कुणाला मिळणार होतं? आपल्याकडे स्ट्रिप कात्रीने कापून पाच-दहा गोळ्या दिल्या जातात. पत्रक खोक्यातच राहतं.

कॅलिफोर्नियाचा अंतिम निकाल २०१५ मध्ये आला. दहा वर्षांअखेर मूत्राशयाच्या कर्करोगाचा वाढीव धोका सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही. पण नाहीच असं म्हणण्याइतकीही खात्री नव्हती. २०१६ मध्ये दुसरी बातमी आली. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या, पण मधुमेह न झालेल्या ३,८७६ लोकांवरच्या पायोग्लिटाझोनच्या चाचणीत पुन्हा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण ११.८ वरून ९ टक्क्यांवर आलं. हाडं मोडण्याचं मात्र वाढलं.

भारतात हे औषध टिकलं त्याला आपल्या अंगकाठीचंही कारण आहे, आणि ते शोधलं पुण्यात. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास करत आले. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. पुण्याची बाळं लांबी, स्नायू, पोट सगळ्यातच लहान. पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने राखून होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र छापलं. शेजारी शेजारी उभे असलेले दोन सडसडीत प्राध्यापक, दोघांचा बीएमआय नेमका २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. वजनकाट्यावर कृश, आतून मेदाने भरलेला हा आपला बांधा. यातली जी चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती जाते ती इन्सुलिनला जुमानत नाही. पीपार-गॅमा जागा झाला की त्वचेखाली चरबी ठेवायला नव्या पेशी तयार होतात आणि यकृतातली चरबी तिकडे सरकते. वजन दोन-तीन किलो वाढतं आणि साखर उतरते. रुग्णाला हे पटवणं अवघड जातं, कारण त्याला आयुष्यभर वजन कमी करा असंच सांगितलेलं असतं.

२०१० मध्ये स्पीगलमन यांच्याच गटाने चित्रात भर घातली. लठ्ठपणात पीपार-गॅमाच्या एका सेरिनवर फॉस्फेट चिकटतं आणि काही उपयोगी जनुकं गप्प होतात. ही औषधं त्याला अडवतात. म्हणजे बारावी दांडी पूर्ण न आवळताही फायदा मिळू शकेल, अशी आशा. त्या दिशेचं औषध अजून दवाखान्यात पोहोचलेलं नाही.

पोहोचलं ते दुसरंच. २०१३ च्या जूनमध्ये, पायोग्लिटाझोन थांबवणाऱ्या त्याच महिन्यात, अहमदाबादच्या झायडसने सरोग्लिटाझर जाहीर केलं. भारतात शोधून भारतातच बाजारात आलेला हा रेणू अल्फा आणि गॅमा दोघांवर चालतो. त्यात ते पाच अणूंचं कडं नाही. आणि २०२२ मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कने लोबेग्लिटाझोन आणलं, मूळ कोरियाच्या चोंग कुन डांग कंपनीचं. याच्यात कडं आहे, टायरोसिनशी भेटही तीच. शेपटाला मात्र एक जास्तीचा सुगंधी गट जोडलेला आहे. २०१७ मध्ये छापलेल्या स्फटिकचित्रात तो त्या ऐसपैस पोकळीच्या रिकाम्या राहिलेल्या कोपऱ्यात शिरून भिंतीला टेकलेला दिसतो. पकड इतकी वाढली की पंधरा-तीस मिलिग्रॅमच्या जागी अर्धा मिलिग्रॅम पुरतो. २०२३ च्या आयसीएमआर अभ्यासाप्रमाणे देशात मधुमेही दहा कोटींवर गेले आहेत, म्हणजे गिऱ्हाइकांची वाण नाही. मूत्राशय, हाडं आणि हृदय यांचा या गोळीचा हिशेब भारतीय शरीरात मांडायचा तर दहा वर्षांची नोंदवही लागेल, आणि ती या वेळी तरी इथे, आपल्याच रुग्णालयांत ठेवायला हवी.